आडावरची सही

जानेवारीची सकाळ होती, आठचा सुमार. आनंदराज सोनकांबळे दुधाची पिशवी घेऊन आडाच्या चौकातून घरी निघाला होता. चौकाच्या मधोमध घड्याळाच्या मनोऱ्यासाठी खड्डा खणलेला होता आणि भोवती हिरवी जाळी बांधलेली होती. त्या खड्ड्यातून त्याला वाफ निघताना दिसली. चुलीवरच्या भगुल्यातून निघावी तशी बारीक, संथ, एका रेषेत.

जाळीपाशी दोन मजूर हात चोळत उभे होते. एक जण म्हणाला, "काका, खालून ऊब यायलीय बगा. शेकोटीची गरजच न्हाई."

आनंदराजनं वाकून पाहिलं. खड्डा पुरुषभर खोल होता. तळाशी शहाबादी फरश्या उघड्या पडल्या होत्या आणि दोन फरश्यांच्या फटीतून ती वाफ येत होती. तो घरी गेला, दूध ओट्यावर ठेवलं आणि हिव भरल्यासारखा खाटेवर बसून राहिला.

थंडीत जुन्या विहिरींच्या तोंडातून अशी वाफ निघते. आतलं पाणी कोमट आणि वरची हवा गार. तीस वर्षं पालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्या चौकातली विहीर कधीच बुजवली आहे, असा कागद पालिकेत होता. आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून आनंदराजची सही होती.

मन्याडपेठ तसं लहान शहर. लातूरहून नांदेडला जाणाऱ्या एसट्या इथं दहा मिनिटं टेकतात, कंधारची आणि निलंग्याची माणसं गाड्या बदलतात, चहा पितात आणि निघून जातात. आडाचा चौक स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. निजामाच्या अमलात कुण्या तहसीलदारानं दुष्काळी कामातून तिथं आड खणवला होता. म्हणायला आड, पण तोंड चोवीस फुटांचं, खोली साठ फूट, आणि वरून वीस फुटांवर आतल्या बाजूनं दगडी थाळं, म्हणजे माणूस उभा राहील एवढी कडा, गोल फिरलेली. बाजाराला आलेल्या गाड्यांचे बैल तिथंच पाणी प्यायचे. आनंदराजची आई गुणाबाई सांगायची, की तिच्या सासूला त्या आडावर पोहरा टाकता यायचा नाही. घागर खाली ठेवून दूर उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. छप्पन सालानंतर वस्तीतली चार माणसं एके सकाळी गेली आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं. त्यात आनंदराजचा आजा होता. त्यानंतर आठवडाभर वस्तीतलं कुणी एकट्यानं बाजारात गेलं नाही.

पुढं नळ आले. आडात कचरा पडू लागला. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडची गावं जमीनदोस्त झाली, तेव्हा मन्याडपेठेतही भिंती तडकल्या आणि आडाच्या काठाचे दगड आत कोसळले. धोकादायक विहिरी बुजवा, असं वरून फर्मान निघालं. आनंदराज तेव्हा तिशीत होता आणि पालिकेत रोजंदारीवर राबत होता. मुकादम होते व्यंकटराव.

आड बुजवायला शेकडो ट्रॉल्या मुरूम लागला असता. व्यंकटरावांनी तेवढा आणलाच नाही. मुदखेड जंक्शनवरच्या भंगारातले रेल्वेचे जुने रूळ आणले, काठाच्या खाली पुरुषभर अंतरावर ते आडाच्या भिंतीत आडवे बसवले, त्यावर शहाबादी फरश्या अंथरल्या आणि वर मुरूम दाबला. चार दिवसांत आड दिसेनासा झाला. फरश्यांखाली चाळीस-पन्नास फूट पोकळी आणि पाणी तसंच राहिलं.

पाचव्या दिवशी व्यंकटरावांनी आनंदराजला कचेरीच्या व्हरांड्यात बोलावलं. "आनंद्या, तू शिकलेला हायस. हितं सही कर. साक्षीदार म्हणून. तुझं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत घातलंय मी."

कागदावर लिहिलं होतं, आड तळापासून मुरूम भरून पूर्ण बुजवला. आनंदराजनं ते दोनदा वाचलं. घरात म्हातारी आई होती, लग्न ठरत आलं होतं, रोजंदारी आज आहे तर उद्या नाही. त्यानं सही केली. तीन महिन्यांनी तो कायम झाला. व्यंकटरावांनी आपल्यावर उपकार केले, असं तो पुष्कळ वर्षं मानत आला.

चौकाचा मग उकिरडा झाला. मधल्या उंचवट्यावर वाढदिवसांचे फलक लागले, भोवती रिक्षा उभ्या राहिल्या, डुकरं फिरली. नवी पोरं आडाचा चौक म्हणजे आडवा चौक समजायची. आनंदराज मात्र तिथून जाताना कडेकडेनं जायचा. दर पावसाळ्यात त्याला एकच गोष्ट दिसायची. सगळ्या चौकात तळं साचलेलं असे आणि मधल्या उंचवट्याभोवतीचं पाणी अर्ध्या तासात गायब होई. सोळा सालच्या दुष्काळात टँकरची तोटी तुटून तिथं पाणी सांडलं, तेव्हा ते जमिनीत शिरताना त्यानं खालून येणारा आवाज ऐकला होता. त्यानं तो कुणाला सांगितला नाही.

आता पालिकेनं चौकाचा कायापालट करायचं मनावर घेतलं होतं. दगडी बाक, फरसबंदी, कारंजं, आणि मध्ये चाळीस फुटांचा घड्याळाचा मनोरा. काम अमृतराव नावाच्या कंत्राटदाराकडं होतं आणि त्याच्याकडं साइट इंजिनिअर होती लुंबिनी, आनंदराजची एकुलती एक मुलगी. नांदेडला शिकून आलेली, अठ्ठावीस वर्षांची, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून मजुरांना नावानं हाक मारणारी. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच होती.

त्या दिवशी संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा आनंदराजनं विचारलं, "खड्ड्यात फरशी लागली म्हणं?"

"हाव. जुन्या ओट्याची असंल. अमृतराव तर खूश हायेत. आयता पाया मिळाला म्हणतेत."

"खाली काय हाय, बघितलं का?"

"बघायचं काय त्यात? आड बुजवलेला हाय, रेकॉर्ड हाय ना." तिनं डावा हात पुसून मोबाईल घेतला आणि एक फोटो त्याच्यापुढं धरला. पिवळा पडलेला कागद, खाली शाईची सही. "बाबा, ही तुमचीच सही ना? मी लगेच ओळखली. तिथं मधोमध बोअर मारून माती तपासायची होती. अमृतराव म्हणत होते, कशाला वेळ घालवता. मला पटत नव्हतं. मग हा कागद सापडला. म्हटलं, माझा बाप साक्षीदार हाय तर आता तपासायचं काय राहिलं?"

ती हसत होती. आनंदराजनं मोबाईलकडं पाहिलं आणि ताटातली भाकरी मोडून परत ताटातच ठेवली.

"जेवा की बाबा."

"भूक न्हाई," तो म्हणाला.

रविवारी त्यानं लातूरची गाडी धरली. व्यंकटराव आता पंच्याऐंशीच्या घरात होते आणि मुलाच्या बंगल्यात राहत होते. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. नजर गेली होती, पण आवाज ऐकताच त्यांनी ओळखलं.

"आनंद्या? रिटायर झालास म्हणं."

"हाव मुकादम. एक विचारायचं होतं. आडाच्या चौकात मनोरा बांधायलेत. फरशीपर्यंत खणलंय. तुम्ही एक फोन करा पालिकेत. सांगा, आड पोकळ हाय म्हणून. तुमचं ऐकतील."

आत कुणीतरी टीव्ही लावला होता. व्यंकटराव म्हणाले, "कोणता आड?"

"मुकादम, रूळ आणायला मी तुमच्यासंगं मुदखेडला आलो होतो."

"आड बुजवला असा कागद हाय. त्यावर सही कोणाची हाय?"

"माझी."

"आन् साहेबाची. साहेब मरून गेला. माझी सही कुठंच न्हाई. बघ जाऊन." ते अगदी सावकाश, समजुतीच्या सुरात बोलत होते. "त्या वक्ताला सह्या करायला वरच्या आळीतली चार पोरं होती माझ्याकडं. त्यांच्यातल्या एकाला कामून न्हाई बोलावलं, कधी इचार केलास का? उद्या काही झालं तर म्हणायचं, त्या वस्तीतलं पोरगं होतं, त्यानं खोटं लिहून दिलं. लोकांना पटलं असतं." त्यांनी शाल सारखी केली. "तू कायम झालास. पोरीला शिकवलंस. आता कशाला उकरायलास? चहा घेऊन जा."

आनंदराजनं चहा घेतला नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो बाहेरचा ऊस बघत राहिला. तीस वर्षं ज्याला उपकार समजलो तो फास होता, आणि तो आपण आपल्या हातानं गळ्यात घालून घेतला, हे एकदा कळल्यावर त्याला राग यायला हवा होता. पण राग आला नाही. त्याच्या डोळ्यापुढं फक्त लुंबिनीचा हसरा चेहरा आणि तो पुढं धरलेला मोबाईल येत राहिला.

सोमवारी दुपारी मजूर जेवायला पांगले, तेव्हा तो जाळीतून आत शिरला. खड्ड्याच्या काठाशी नेहमीप्रमाणं साखराबाई भाजी घेऊन बसली होती. चौकातून तिला तीनदा उठवलं होतं आणि तीनदा ती परत येऊन बसली होती.

"दादा, खाली कुठं उतरायलाव या वयात?" तिनं विचारलं.

"मावशी, जरा गप बसा. आणि कान द्या."

शिडीनं उतरून तो फरशीवर अलगद गुडघ्यांवर बसला. फटीतून येणारी हवा तोंडाला लागली. ओल्या दगडाचा, कुजक्या पाल्याचा, फार जुना वास. सळईचा एक तुकडा पडला होता, तो त्यानं फटीत घातला. हातभर गेला, पुढं अडलं नाही. मग त्यानं बोराएवढा खडा उचलला आणि फटीतून सोडला.

चौकात एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. त्या आवाजाखालून, खूप खालून, पाण्याचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. आणि त्याचे पडसाद उठले, एकदा, दोनदा.

साखराबाईनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. "आगं माय," ती हळूच म्हणाली. "आत पानी हाय?"

"हाव. मावशी, उद्यापासून हितं बसू नका. आत्ताच उठा."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, एक शब्द विचारला नाही, पाटी डोक्यावर घेतली आणि रस्त्याच्या पलीकडं धोंडप्पांच्या सायकलच्या दुकानासमोर जाऊन बसली. पालिकेला जे तीनदा जमलं नव्हतं ते एका वाक्यानं झालं.

वर चढताना आनंदराजनं फरशीवर पाय जपून टाकला. तरी मधल्या एका फरशीनं आवाज केला. फुटल्याचा नव्हे. लोखंडाला लोखंड घासल्याचा, दाबलेला, लांबलचक.

संध्याकाळी लुंबिनी घरी आली तेव्हा त्यानं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रूळ, फरश्या, व्हरांड्यातला कागद, खडा. ती ऐकत होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नव्हती.

"उद्या सकाळी काँक्रीट हाय," एवढंच ती आधी बोलली. मग, "तुम्ही खोटी सही केली?"

"हाव."

"आणि त्या दिवशी मी फोटो दाखवला तेव्हा भाकरी मोडत बसलाव."

ती आतल्या खोलीत गेली. भिंतीपलीकडून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. अमृतरावांना ती तीनदा म्हणाली की काम थांबवा, फरशी उचलून बघू. मग ती फोन हातात धरूनच बाहेर आली.

"ते म्हणतेत, रेकॉर्ड खोटं हाय असं लेखी द्या, मग बघू. म्हातारा माणूस, भ्रम झाला असंल म्हणतेत."

आनंदराजनं वही काढली. सहीच्या वेळी घेतला नव्हता एवढा वेळ त्यानं त्या अर्ध्या पानाला घेतला. लुंबिनीनं फोटो काढून तो अमृतरावांना आणि पालिकेच्या इंजिनिअरला पाठवला. दोघांकडून काही उत्तर आलं नाही.

सकाळी साडेसातला दोघं चौकात पोचली, तेव्हा काँक्रीटचा मिक्सर आधीच आला होता. भरलेला, गरगर फिरणारा, मागची चाकं खड्ड्याच्या काठाला लावून उभा. खड्ड्याच्या काठापलीकडंही आडाचं तोंड पाच फूट बाहेर होतं, हे त्या चौकात फक्त आनंदराजला ठाऊक होतं. सगळं वजन फरश्यांवर होतं.

लुंबिनी धावत पुढं गेली आणि हात आडवे करून उभी राहिली. "काँक्रीट सोडायचं न्हाई. आतली माणसं वर घ्या. सगळी."

अमृतराव गाडीला टेकून उभे होते. "मॅडम, घरचे प्रश्न साइटवर आणू नका. तुमचं काम संपलं आजपासून. घरी जा."

"जाते. माणसं वर आल्यावर जाते."

मजुरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांना अमृतराव पगार देत होते, पण नावानं हाक लुंबिनी मारायची. ते शिडीकडं निघाले. एक, दोन, चार. शेवटचा भागवत, कंधारकडचा, चाळिशीचा गडी. तो शिडीशी पोचला आणि व्हायब्रेटरचं मशीन खालीच राहिलं म्हणून परत फिरला.

"भागवत, राहू दे ते," लुंबिनी ओरडली.

तेवढ्यात मिक्सरच्या ड्रायव्हरनं गाडी पुढं घ्यायला गिअर टाकला. चाकं हलली. आनंदराजनं कालचाच आवाज पुन्हा ऐकला, लोखंडाचा, पण या खेपेला तो थांबला नाही. चौकातल्या सगळ्यांना तो ऐकू गेला. मग खड्ड्याचा तळ एकदम दिसेनासा झाला. फरश्या, मुरूम, सळया आणि भागवत, सगळं एकाच वेळी खाली गेलं. मिक्सर मागच्या बाजूनं बसला आणि पुढची चाकं हवेत घेऊन तिरपा अडकून राहिला. ड्रायव्हर दार उघडून बाहेर पडला तो चार पायांवरच.

धूळ बसायला वेळ लागला. मग खालून भागवतचा आवाज आला. तो थाळ्यावर अडकला होता, वीस फूट खाली, उजव्या नडगीवर रूळ पडलेला. जिवंत होता. पण दुसराही एक आवाज येत होता. आडाच्या कडेनं जाणारी पाण्याची मोठी लाइन तुटली होती आणि त्या भागाची नळाची वेळ होती. पाणी जाड धारेनं त्याच्यावर कोसळत होतं आणि धारेबरोबर काठाची माती सुटत होती. त्या मातीच्या आधारानं मिक्सर उभा होता.

पालिकेचा नवा व्हॉल्व्हमन मोटारसायकलवरून आला आणि हातातल्या नकाशाप्रमाणं चौकाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद करू लागला. पाणी कमी होईना.

"तो नुसता नावाला हाय," आनंदराज म्हणाला. "सोळा सालापासून ही लाइन जुन्या बाजारातून येते. चावी दे इकडं आन् गाडी काढ."

जुन्या बाजारात त्या व्हॉल्व्हवर आता पानटपरी उभी होती. टपरीवाल्याला बोलायलाही वेळ न देता दोघांनी ती आडवी केली. झाकण गंजून बसलं होतं. ते दगडानं ठोकून उघडलं, लांब चावी आत घातली आणि साठ वर्षांचा आनंदराज तिच्या मुठीवर छातीनं रेलला. पहिला आटा सुटता सुटेना. मग सुटला. बावीस आटे. शेवटच्या आट्यांना त्याच्या हातांची सालं निघाली होती आणि त्याला ते घरी जाईपर्यंत कळलं नाही.

भागवतला बाहेर काढायला चार तास लागले. उदगीरहून मोठी क्रेन आली, तिनं आधी मिक्सर धरून ठेवला, मग माणसं दोर बांधून उतरली. आनंदराज काठाशी उकिडवा बसून त्याच्याशी बोलत राहिला. पोरं किती, ऊस कुणाचा, घर कुठल्या आळीत. भागवत शुद्धीत होता तोवर उत्तरं देत होता. नांदेडच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढं चौकशी झाली. आनंदराजनं आपला जबाब स्वतःच्या हातानं लिहून दिला, व्यंकटरावांचं नाव घेऊन आणि आपलंही. व्यंकटरावांनी कळवलं की आपल्याला काही आठवत नाही. कागदावर त्यांचं नाव नव्हतं, ते खरंच होतं. आनंदराजच्या पेन्शनवर टाच आली, ती अजून सुटलेली नाही. वस्तीतल्या काही जणांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ज्या आडावर आज्यानं पाणी शेंदलं तिथं नातवानं हे केलं, असं एक म्हातारी त्याच्या तोंडावर म्हणाली. तो ऐकून घेऊन खाली मान घालून पुढं गेला.

लुंबिनी सव्वादोन महिने त्याच्याशी कामापुरतं बोलली. आदल्या रात्री पाठवलेल्या फोटोमुळं तिच्यावर ठपका आला नाही. उलट पालिकेनं आड मोकळा करून दुरुस्त करायच्या कामावर तिलाच बोलावलं. मनोऱ्याचा विचार सुटला होता. आता आड उघडा ठेवायचा, भोवती कठडा, जाळी, बाक. एका रविवारी आनंदराज भागवतला भेटायला कंधारच्या गाडीला निघाला, तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी होती. "मी बी येते," म्हणाली. भागवतच्या अंगणात त्याच्या बायकोनं दोघांना पाणी दिलं, आनंदराजकडं न बघता. भागवत म्हणाला, "तुम्ही वर बसून बोलत होताव ना, ते ध्यानात हाय माज्या." आणि मग, थोड्या वेळानं, "पन आदी बोलायला पायजे होतं, काका."

"हाव," आनंदराज म्हणाला.

एप्रिलमध्ये आडातलं पाणी उपसून झालं. लुंबिनी दोराच्या पाळण्यातून खाली उतरून बघून आली. तीस वर्षं सांडपाणी आत झिरपत होतं. पूर्वेकडच्या भिंतीचे दगड पोटातून निखळून गेले होते आणि त्यामागची माती वाहून गेली होती. बॅटरीचा झोत टाकला तर तो पलीकडं टेकत नव्हता. ती पोकळी धोंडप्पांच्या दुकानाच्या ओळीखाली गेली होती, कुठवर ते मोजता आलं नाही. पालिकेनं अकरा दुकानांवर लाल रंगानं आकडे घातले आणि ती खाली करा म्हणून नोटिसा लावल्या. पंधरा दिवस झाले तरी एकही शटर बंद झालं नव्हतं. लोक म्हणत होते, हा दुकानं पाडायचा डाव आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, आनंदराज तिथून जात होता. धोंडप्पा दुकानाच्या पायरीवर किल्ली हातात घेऊन बसले होते. सत्तरीचा माणूस, कपाळाला भस्म, आजवर आनंदराजशी टायर-ट्यूबपलीकडं न बोललेला. त्यांच्या डोक्यामागं शटरवर सात हा लाल आकडा होता. साखराबाई शेजारीच होती, पण आज ती अजून पाटी उतरवून बसली नव्हती.

"सोनकांबळे," धोंडप्पांनी हाक मारली. "आत फरशीवर मध्ये पाणी सांडलं काल. फुलपात्रभर. बघता बघता जिरलं."

आनंदराज थांबला.

"इंजिनिअर, नगरसेवक, समदे येऊन गेले. कोण म्हणतंय काही न्हाई, कोण म्हणतंय निघा." धोंडप्पा किल्लीकडं बघत म्हणाले, "माझ्या बापानं टाकलेलं दुकान हाय. तुम्ही सांगा. उघडू का?"

आनंदराज पायरी चढला नाही. खालीच उभा राहून तो म्हणाला, "नका उघडू, आप्पा. आतलं सामान काढायचं असंल तर एक-एकानं जा. मी हितं बाहेर उभा राहतो."

धोंडप्पांनी मान हलवली. किल्ली कुलपात फिरवली, शटर कमरेइतकंच वर घेतलं आणि वाकून आत शिरले. पहिली सायकल त्यांनी हातांवर उचलून बाहेर आणली, चाकं जमिनीला टेकू न देता. साखराबाईनं पाटी रस्त्याच्या पार पलीकडं नेऊन ठेवली आणि सायकल धरायला परत आली. शेजारच्या आठ नंबरचं शटर खडखडत पूर्ण वर गेलं, आणि आतल्या माणसानं रेडिओ लावला.